विश्लेषण : गेममधली भिंत आधी धूसर, मग स्पष्ट का दिसते? ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचे गणित काय सांगते?

मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडून सिंहगडावर झूम केले की आधी हिरवट-तपकिरी धूसर ठिपके दिसतात. क्षणभराने तटबंदी, पायवाटा, वाहनतळ स्पष्ट होतात. संगणकावरील मोठ्या गेममध्येही असेच घडते. पात्र वेगाने वळले की समोरची भिंत आधी चिखल फासल्यासारखी दिसते आणि मग तिच्यावरच्या विटा उमटतात. इंटरनेट मंद आहे किंवा उपकरण जुने झाले आहे, असे अनेकांना वाटते. काही वेळा ते खरेही असते. मात्र मूळ कारण वेगळे आहे. दाखवायचे चित्र ते ठेवण्याच्या जागेपेक्षा नेहमीच मोठे असते. गेली चार दशके हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यात यावरून ओढाताण सुरू आहे आणि महागडी ग्राफिक्स कार्डे येऊनही ती संपलेली नाही.

टेक्श्चर म्हणजे काय?

संगणकातील त्रिमितीय जग हजारो-लाखो छोट्या त्रिकोणांचे बनलेले असते. हे त्रिकोण म्हणजे नुसता सांगाडा. त्यावर जे चित्र चिकटवले जाते, त्याला टेक्श्चर म्हणतात. खोक्याला रंगीत कागद गुंडाळावा, तसे ते त्रिकोणांवर गुंडाळले जाते. लाकडाचे दोरे, गंजलेला पत्रा, डांबरी रस्त्यावरची खडी हा सगळा तपशील टेक्श्चरमुळे दिसतो. एड कॅटमल यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील पीएच.डी. प्रबंधात ही कल्पना मांडली. हेच कॅटमल पुढे ‘पिक्सार’ या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

स्क्रीनवरील सर्वात लहान ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, तर टेक्श्चरमधील ठिपक्याला टेक्सेल. प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, विचारतो की या ठिकाणी कोणत्या टेक्सेलचा रंग लावायचा? चित्रपटासाठी एक फ्रेम तयार करायला संगणकाने काही तास घेतले तरी चालते. गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. टेक्श्चरची सारी अडचण या मुदतीतून सुरू होते.

मेमरी इतकी का लागते?

टेक्श्चरची लांबी आणि रुंदी दुप्पट केली की त्यातील टेक्सेल चौपट होतात. प्रत्येक टेक्सेलला चार बाइट धरले, तर ४,०९६ बाय ४,०९६ आकाराच्या एका टेक्श्चरला ६४ एमबी लागतात. १६,३८४ बाय १६,३८४ आकाराच्या टेक्श्चरला १ जीबी लागतो. शिवाय आजच्या गेममध्ये एका पृष्ठभागाला एकच चित्र पुरत नाही. एक रंगाचे, एक उंचसखलपणाचे आणि एक चकाकी किंवा खरखरीतपणाचे, अशी किमान तीन चित्रे असतात. म्हणजे दगडी भिंतीचा एक चांगला नमुना विनासंकोचन ठेवायचा तर १९२ एमबी हवेत. त्यात लहान प्रतींची जागा धरली (त्याविषयी पुढे) की हा आकडा २५६ एमबीवर जातो. आठ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डात असे ३२ नमुने ठेवले की जागा संपली. एका रस्त्यावरच्या दृश्यातही त्याहून अधिक प्रकारचे पृष्ठभाग असतात.

नकाशाचे उदाहरण घेतले तर प्रमाण अधिक स्पष्ट होते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक चौरस मीटरला एकच टेक्सेल दिला, तरी ३०,७७१ कोटी टेक्सेल होतात. चार बाइटच्या हिशेबाने त्यांना सुमारे १,२३० जीबी लागतील. एवढी मेमरी घरगुती ग्राफिक्स कार्डात नसते. आणि मीटरला एक टेक्सेल म्हणजे फारच ढोबळ चित्र. त्यात माणूस एका ठिपक्याएवढाही दिसणार नाही.

हार्डवेअरची मर्यादा नेमकी कोणती?

मर्यादा एक नाही, तीन आहेत. पहिली आकाराची. एका टेक्श्चरची बाजू किती टेक्सेलची असू शकते, हे जीपीयूच्या रचनेत ठरलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट३डी या प्रणालीत दहाव्या पिढीत ही मर्यादा ८,१९२ होती. अकराव्या पिढीत ती १६,३८४ झाली आणि बाराव्या पिढीतही तीच राहिली. अलीकडच्या काही जीपीयूंवर ओपनजीएल किंवा व्हल्कन या प्रणालींतून ३२,७६८ पर्यंत जाता येते. पण सर्व उपकरणांवर चालणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला त्यावर विसंबता येत नाही. मीटरला एक टेक्सेल या हिशेबाने १६,३८४ चे टेक्श्चर सुमारे २६८ चौरस किलोमीटर झाकते. मुंबई शहर आणि उपनगर मिळून क्षेत्रफळ सुमारे ६०३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सर्वात मोठ्या परवानगीच्या टेक्श्चरमध्ये मुंबईही मावत नाही.

दुसरी मर्यादा मेमरीच्या क्षमतेची. तिचा हिशेब वर आलाच. तिसरी आणि अनेकदा सर्वात जाचक मर्यादा वाहतुकीची. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या मध्यम किमतीच्या कार्डात जीपीयू स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी वाचू शकतो. मात्र संगणकाच्या मुख्य मेमरीतून कार्डाकडे येणारा रस्ता सेकंदाला सुमारे १६ जीबीचा आहे. त्यामागे साठवणूक. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला, तर एका फ्रेमच्या वेळात तिच्यातून १.७ एमबीच येतात. ६४ एमबीचे एक टेक्श्चर आणायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ, म्हणजे सुमारे ४० फ्रेम. तेवढ्यात पात्र दुसऱ्या खोलीत पोहोचलेले असते.

सुरुवातीचे उपाय कोणते?

पहिला उपाय मिपमॅप. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये तो मांडला. एका टेक्श्चरच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान होत जाणाऱ्या प्रती आधीच तयार करून ठेवायच्या. भिंत दूर असेल तर लहान प्रत वापरायची, जवळ असेल तर मोठी. या सगळ्या प्रतींना मिळून मूळ जागेच्या फक्त एक तृतीयांश जास्त जागा लागते. मिपमॅपचा मूळ हेतू दूरच्या पृष्ठभागावरची चमचम थांबवणे हा होता. पण त्यातून आणखी एक गोष्ट हाती आली. दूरच्या वस्तूची मोठी प्रत मेमरीत नसली तरी काही बिघडत नाही. धूसर भिंत नंतर स्पष्ट होते, ती याचमुळे. लहान प्रत आधी हजर असते, मोठी मागाहून येते.

दुसरा उपाय संकोचनाचा. फोटो साठवायला जेपीईजी उत्तम, पण जीपीयूला तो थेट वापरता येत नाही. जेपीईजीमध्ये चित्राच्या साध्या भागाला कमी आणि गुंतागुंतीच्या भागाला जास्त बाइट मिळतात. त्यामुळे मधलाच एखादा टेक्सेल हवा असेल तर तो फाइलमध्ये कुठे आहे, हे आधीचा भाग उलगडल्याशिवाय कळत नाही. जीपीयूला तर एका फ्रेममध्ये लाखो टेक्सेल कुठूनही उचलायचे असतात. म्हणून ‘एस३’ या कंपनीने १९९८ च्या सुमारास वेगळी पद्धत आणली. चार बाय चार टेक्सेलचा चौकोन घ्यायचा आणि तो नेहमी आठच बाइटमध्ये बसवायचा. प्रत्येक चौकोनाचा आकार ठरलेला असल्याने कोणताही चौकोन कुठे आहे, हे साध्या गुणाकाराने सापडते. जागा आठपट कमी लागते. दर्जा थोडा घसरतो, पण चालून जातो. बीसी७, मोबाइलवरील ईटीसी२ आणि एएसटीसी ही आजची संकोचने याच तत्त्वावर चालतात. बीसी७ ने ६४ एमबीचे टेक्श्चर १६ एमबीत बसते.

हे दोन्ही उपाय आजही प्रत्येक गेममध्ये असतात. पण चौपट बचत झाली की कलाकार चौपट तपशील मागतात. त्यामुळे जागा पुन्हा अपुरी पडते.

सगळे चित्र मेमरीत ठेवायची गरज आहे का?

हा प्रश्न विचारला गेला तेव्हा खरी वाट सापडली. फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. १६,३८४ च्या एका टेक्श्चरमध्ये मात्र २६ कोटी ८४ लाख टेक्सेल असतात. एका क्षणी स्क्रीनवर त्यातील फार थोडे दिसू शकतात. किराणा दुकानदार गोदामातली सगळी पोती गल्ल्याजवळ आणून ठेवत नाही. रोज खपणारा माल हाताशी ठेवतो, बाकीचा लागेल तसा आणवतो. संगणकशास्त्रात ही कल्पना आभासी मेमरी म्हणून १९६२ पासून, मँचेस्टरच्या ॲटलस संगणकापासून परिचित होती. ती चित्रांना लावायची होती.

सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीतील ख्रिस टॅनर, ख्रिस्तोफर मिग्डाल आणि मायकेल जोन्स यांनी १९९८ मध्ये ‘क्लिपमॅप’ ही पद्धत मांडली. मिपमॅपच्या प्रत्येक पायरीवर पाहणाऱ्याभोवतीचा ठरावीक आकाराचा चौकोनच मेमरीत ठेवायचा. पाहणारा पुढे सरकला की पुढची पट्टी आणायची आणि मागची टाकायची. जवळचा भाग बारीक तपशिलासह, दूरचा ढोबळ. त्यामुळे पृथ्वीएवढे टेक्श्चर मोजक्या मेमरीत ‘असल्यासारखे’ वापरता आले. त्यासाठी त्या काळी या कंपनीची अतिशय महागडी यंत्रे लागत. टॅनर आणि जोन्स पुढे ‘कीहोल’ या कंपनीशी जोडले गेले. गूगलने २००४ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ आले. मोबाइलवर सिंहगड आधी धूसर आणि मग स्पष्ट दिसतो, त्यामागे ही परंपरा आहे.

‘मेगाटेक्श्चर’ची कल्पना काय होती?

क्लिपमॅप जमिनीसाठी ठीक, कारण जमीन म्हणजे एक सलग चादर. गेममध्ये मात्र भिंती, छत, गाड्या, पात्रे असतात आणि खेळणारा क्षणात मागे वळतो. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीचे जॉन कार्मॅक यांनी ‘मेगाटेक्श्चर’ नावाने यावर काम केले. २००७ मधील ‘एनिमी टेरिटरी : क्वेक वॉर्स’ या गेममध्ये आधी फक्त जमिनीसाठी ३२,७६८ बाय ३२,७६८ चे टेक्श्चर वापरले गेले. २०११ मध्ये आलेल्या ‘रेज’मध्ये मजल खूप पुढे गेली. यात आभासी टेक्श्चरची एकेक बाजू सव्वा लाखाहून जास्त टेक्सेलची होती. असे एक टेक्श्चर विनासंकोचन ठेवायचे तर ६४ जीबी लागतील. आणि हा गेम ज्या एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर चालायचा होता, त्यांची एकूण मेमरी प्रत्येकी ५१२ एमबी होती.

हे साधले कसे? टेक्श्चरचे १२८ बाय १२८ टेक्सेलचे तुकडे केले गेले. त्यांना पाने म्हणतात. मेमरीत ४,०९६ बाय ४,०९६ चा एकच खरा साठा ठेवला. त्यात एका वेळी १,०२४ पाने मावतात. सोबत एक सूची, कोणते आभासी पान साठ्यात कुठे आहे, हे सांगणारी. दृश्य आधी अगदी कमी रिझोल्युशनवर गुपचूप काढले जायचे. त्यात रंगांऐवजी प्रत्येक ठिकाणी कोणते पान लागणार, याची नोंद व्हायची. ती नोंद वाचून प्रोसेसर हवी ती पाने डिस्कवरून आणायचा, उलगडायचा आणि साठ्यात टाकायचा. पान यायला उशीर झाला तर त्याच जागेची ढोबळ प्रत वापरायची. चित्र धूसर होईल, पण गेम थांबणार नाही.

कलाकारांसाठी हे वरदान होते. एरवी मेमरी वाचवण्यासाठी तोच दगड, तीच वीट शंभर ठिकाणी वापरावी लागते. इथे वाळवंटातला प्रत्येक खडक वेगळा रंगवता आला.

मग अडचण कुठे आली?

एकाहून अधिक ठिकाणी. जगातला प्रत्येक कोपरा वेगळा रंगवायचा, तर साठवायचे चित्रही तेवढे मोठे. एक्सबॉक्स ३६० साठी ‘रेज’ तीन डीव्हीडींवर आला आणि तेवढ्यात बसवण्यासाठी चित्रांचे कठोर संकोचन करावे लागले. परिणामी दूरचा देखावा नेत्रसुखद आणि जवळ गेले की भिंत धूसर, असे चित्र दिसले. संगणकावर गेम प्रसिद्ध झाला तेव्हा वेगाने वळल्यावर पाने उशिरा येत असल्याच्या तक्रारी झाल्या. काही कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या, गेमलाही सुधारणा द्यावी लागली.

तांत्रिक किचकटपणा वेगळाच. जीपीयू दोन शेजारच्या टेक्सेलचे रंग मिसळून गुळगुळीत चित्र बनवतो. साठ्यात मात्र सिंहगडाच्या पानाशेजारी अलिबागचे पान असू शकते. म्हणून प्रत्येक पानाला चारही बाजूंनी शेजारच्या टेक्सेलची किनार लावावी लागते. ‘रेज’मध्ये ती चार टेक्सेलची होती. म्हणजे १२८ पैकी १२० टेक्सेलच कामाचे. सूची पाहणे, योग्य पायरी निवडणे, रंग मिसळणे ही जीपीयूच्या तयार यंत्रणेची कामे सॉफ्टवेअरला पुन्हा करावी लागली. आयडी सॉफ्टवेअरने २०१६ च्या ‘डूम’मध्ये ही पद्धत ठेवली. पण २०२० च्या ‘डूम इटर्नल’मध्ये मेगाटेक्श्चर सोडून दिले.

हार्डवेअरने ही युक्ती आपलीशी केली का?

केली. एएमडीने डिसेंबर २०११ मध्ये रेडिऑन एचडी ७९७० जाहीर केले. त्याच्या जीपीयूमध्ये टेक्श्चरचे काही तुकडेच मेमरीत ठेवण्याची सोय थेट सिलिकॉनमध्ये होती. सूची पाहण्याचे काम जीपीयूची मेमरी यंत्रणा करते. किनारींची गरज उरत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ सोबत डायरेक्ट३डी ११.२ मध्ये आणि ओपनजीएलने ४.४ सोबतच्या विस्तारात ही सोय खुली केली. २०१६ मधील व्हल्कनमध्ये ती पहिल्यापासून आहे. डायरेक्ट३डीमध्ये तुकड्याचा आकार ६४ केबी ठरला आहे. चार बाइटच्या टेक्सेलसाठी हा तुकडा बरोबर १२८ बाय १२८ चा होतो.

तरीही बहुसंख्य गेम सॉफ्टवेअरमधलीच पद्धत का वापरतात?

इथे या विषयाचा खरा पेच आहे. पहिले कारण, तुकड्यांची सोय आली तरी आकाराची मर्यादा हटली नाही. आभासी टेक्श्चरही १६,३८४ च्या चौकटीतच बसले पाहिजे. मेमरीत नसलेल्या चित्रालाही आकाराची मर्यादा लागू, असा हा प्रकार. ‘रेज’एवढे टेक्श्चर या सोयीतून थेट बनत नाही, अनेक टेक्श्चर जोडून घ्यावी लागतात. सॉफ्टवेअरमधल्या सूचीला असे बंधन नाही.

दुसरे कारण, कोणता तुकडा कुठे ठेवायचा हा बदल ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिममार्फत करावा लागतो. त्याला लागणारा वेळ फ्रेमच्या घाईत परवडेलच असे नाही. सॉफ्टवेअरमधली सूची म्हणजे एक छोटे टेक्श्चर. ते जीपीयू स्वतःच लगेच बदलू शकतो.

तिसरे कारण पाठबळाच्या असमानतेचे. डायरेक्ट३डीत या सोयीच्या वेगवेगळ्या श्रेणी आहेत. मागितलेला तुकडा हजर नाही, ही सूचना चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला देण्याची हमी पहिल्या श्रेणीत नाही, दुसरीपासून आहे. व्हल्कनमध्ये ही सोय ऐच्छिक आहे. एखादी गेम कंपनी शेकडो प्रकारच्या उपकरणांसाठी गेम बनवते. तिला सर्वात कमी क्षमतेच्या उपकरणाचा विचार करावा लागतो. दोन वेगळ्या पद्धती लिहून दोन्ही तपासत बसण्यापेक्षा सगळीकडे चालणारी सॉफ्टवेअरची पद्धत स्वस्त पडते. अनरियल इंजिनने २०१९ मध्ये ४.२३ या आवृत्तीत आभासी टेक्श्चर आणले, तेही सूची सॉफ्टवेअरमध्ये ठेवूनच.

मोबाइलवर काय स्थिती आहे?

मोबाइलमध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते. ॲप, कॅमेरा, ऑपरेटिंग सिस्टिम आणि गेम एकाच मेमरीत नांदतात. शिवाय मेमरीतून वाचलेल्या प्रत्येक बाइटचा खर्च बॅटरी आणि उष्णतेच्या रूपात भरावा लागतो. त्यामुळे इथे संकोचन सर्वात महत्त्वाचे. एएसटीसीमध्ये चार बाय चारपासून बारा बाय बारापर्यंतचा चौकोन १६ बाइटमध्ये बसवता येतो. चेहऱ्याला चांगला दर्जा, आकाशाला कमी, अशी वाटणी गेम बनवणाऱ्याच्या हाती असते.

आकाराच्या मर्यादाही कमी आहेत. व्हल्कन प्रत्येक उपकरणावर ४,०९६ ची हमी देते, तर ओपनजीएल ईएस ३.० फक्त २,०४८ ची. प्रत्यक्षात अनेक फोन त्याहून पुढे जातात, पण हमी तेवढीच. ब्राउझरमधील वेबजीपीयूची मूळ मर्यादा ८,१९२ आहे. ॲपलने २०१९ च्या ए१३ चिपपासून टेक्श्चरचे तुकडेच मेमरीत ठेवण्याची सोय दिली. अँड्रॉइडच्या जगात ती जीपीयू आणि ड्रायव्हरवर अवलंबून आहे. म्हणून मोबाइलवरील नकाशे साधा मार्ग धरतात. संपूर्ण जगाचे लहान चौकोनी तुकडे सर्व्हरवर तयार असतात आणि दिसणारेच तेवढे मागवले जातात. वेबवरील नकाशांमध्ये २५६ बाय २५६ पिक्सेलचा तुकडा वर्षानुवर्षे रूढ आहे.

एसएसडीमुळे प्रश्न सुटला का?

बराच हलका झाला. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. एक्सबॉक्स सिरीज एक्सची २.४ जीबी. एका फ्रेमच्या वेळात प्लेस्टेशन ५ सुमारे ९० एमबी आणू शकतो. जिथे हार्ड डिस्क १.७ एमबीवर अडत होती, तिथे हा पन्नासपटीहून मोठा फरक आहे. खेळणारा वळतोय तेवढ्या वेळात मागची पाने आणता येतात. विंडोजवर २०२२ मध्ये आलेल्या डायरेक्टस्टोरेजचा उद्देशही हाच. माल गोदामातून कार्डापर्यंत कमीत कमी हमालीत पोहोचवायचा.

त्याच सुमारास ‘सॅम्प्लर फीडबॅक’ ही सोय डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटमध्ये आली. दृश्य काढताना प्रत्यक्षात कोणते तुकडे वाचले गेले, याची नोंद जीपीयू स्वतःच ठेवतो. ‘रेज’ने जे गुपचूप वेगळे चित्र काढून साधले, ते आता हार्डवेअर सांगते. नऊ वर्षांनी का होईना, सॉफ्टवेअरची युक्ती सिलिकॉनमध्ये उतरली.

पण वेग वाढला म्हणून साठा कमी होत नाही. अनेक मोठे गेम आज १०० जीबीच्या पुढे गेले आहेत आणि त्यातील मोठा वाटा टेक्श्चरचा असतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीने तर साठा घरी ठेवण्याचा नादच सोडला. बिंग नकाशांची दोन पेटाबाइटहून जास्त, म्हणजे सुमारे २० लाख जीबी माहिती सर्व्हरवर ठेवून विमानाखालचा भाग इंटरनेटवरून आणला जातो. इंटरनेट मंदावले की खालचे शहर धूसर होते.

पुढे काय?

एनव्हिडियाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संकोचन मांडले. एका पृष्ठभागाची रंग, उंचसखलपणा, चकाकी ही सगळी चित्रे एकत्रच लहान न्यूरल नेटवर्कमध्ये बसवायची आणि लागेल तो टेक्सेल त्यातून काढायचा. प्रचलित संकोचनाच्या तुलनेत मेमरी कमी वापरून १६ पट टेक्सेल मिळतात, असा त्यांचा दावा आहे. मात्र यात साठवणुकीचा भार गणनेवर टाकला जातो. प्रत्येक टेक्सेलसाठी जीपीयूला जास्त काम करावे लागते आणि त्यासाठी खास एकके असलेले नवे कार्ड लागते. म्हणजे पाठबळाच्या असमानतेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ग्राहकाने काय लक्षात घ्यावे?

गेमच्या सेटिंगमध्ये ‘टेक्श्चर क्वालिटी’ हा पर्याय इतरांपेक्षा वेगळा वागतो. सावल्या किंवा प्रतिबिंबांचा दर्जा वाढवला की गेम हळूहळू मंदावतो. टेक्श्चरचा दर्जा मात्र मेमरी पुरते तोवर जवळपास फुकट असतो. मेमरी अपुरी पडली की एकदम झटके बसू लागतात, कारण जीपीयूला वेगवान मेमरी सोडून अरुंद रस्त्याने मुख्य मेमरीकडे धावावे लागते. अशा वेळी फक्त हा पर्याय एक पायरी खाली आणल्यास अनेकदा गेम सुरळीत चालतो आणि चित्रातला फरक चटकन जाणवतही नाही. जुन्या हार्ड डिस्कवरचा गेम एसएसडीवर हलवल्यासही धूसर भिंतींचा काळ कमी होतो. नवे कार्ड घेताना केवळ वेगाचे आकडे न पाहता मेमरी किती आहे, हेही पाहावे. कार्डाची मेमरी नंतर वाढवण्याची सोय नसते.

मेमरी कितीही वाढली तरी चित्रही वाढणारच आहे. त्यामुळे क्षणभर धूसर दिसणारी भिंत पूर्णपणे नाहीशी होण्याची शक्यता कमीच. तो क्षण डोळ्यांच्या लक्षात येणार नाही इतका लहान करणे, एवढेच हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरच्या हाती आहे. ते जिथे साधते, तिथे सिंहगड पहिल्याच नजरेत स्पष्ट दिसतो.